स्वप्नं आठवत नाहीत? जाग आल्यावर हलू नका

‘मला स्वप्नंच पडत नाहीत हो,’ असं जरा अभिमानानं सांगणारी माणसं मला काउंटरवर नेहमी भेटतात. सांगलीत मारुती चौकाजवळ माझं मेडिकल आहे. झोपेबद्दल लोक डॉक्टरांपेक्षा औषधवाल्याशी मोकळं बोलतात, कारण आमच्याकडे फी नसते आणि बाहेर नंबर लावायला लागत नाही. त्यांना मी सांगते, पडतात. रोज पडतात, एका रात्रीत चार-पाच वेळाही पडतात. फक्त सकाळपर्यंत टिकत नाहीत.

हे मी पदरचं सांगत नाही. १९५३ साली शिकागो विद्यापीठातला युजीन असेरिन्स्की हा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून प्रसिद्ध केल्या. सुरुवातीला ज्यांना तारा लावून झोपवलं त्यात असेरिन्स्कीचा स्वतःचा आठ वर्षांचा मुलगाही होता. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरत असताना माणसाला उठवलं, तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो, असं त्यांना दिसलं. त्या झोपेला रेम म्हणतात. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळांमध्ये ‘आम्हाला पडतच नाहीत’ म्हणणाऱ्यांनाही रेममधून उठवून पाहिलं, तर त्यांच्यातल्या पुष्कळांनी स्वप्नं सांगितली.

मला स्वतःला या गोष्टीचा नाद लागला तो सासूबाईंमुळे. त्या रोज चहाबरोबर स्वप्न सांगतात, अगदी साडीच्या काठासकट. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, रचून सांगतात. मग एकदा नीट बघितलं, त्या उठतात कशा. जाग आली तरी त्या लगेच उठत नाहीत. डोळे मिटून पडून राहतात, मग हात चोळून ‘कराग्रे वसते’ म्हणतात आणि मगच पाय खाली टाकतात. शिवाय रात्री दोनदा बाथरूमला उठतात. मी मात्र गजर वाजला की ताडकन उठून थेट गॅसपाशी. दोघींच्या डोक्यात फार फरक नसावा, उठण्यात होता. तेवढा बदलला की काम होतं, आणि तो बदलायचा कसा तेच इथे लिहिते आहे.

आधी झोप पुरी करा

याला पर्याय नाही, म्हणून हे सगळ्यात आधी. झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं होतात आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी रेम येते. पहिली जेमतेम पाच-दहा मिनिटांची असते. पुढची वाढत जाते, आणि पहाटेची अर्धा तास किंवा त्याहून जास्तही चालते. म्हणजे स्वप्नांचा मोठा वाटा रात्रीच्या शेवटच्या भागात. दुकान बंद करून, जेवून, आवरून माझी पाठ अंथरुणाला टेकते तेव्हा साडेअकरा झालेले असतात. पाचचा गजर लावला तर साडेपाच तास झोप, साडेसहाचा लावला तर सात. फरक दीड तासाचाच, पण तो नेमका स्वप्नांचा दीड तास.

नळाला पहाटे पाणी येणाऱ्या गल्लीत राहणाऱ्या बायकांना हे ऐकून हसू येईल, याची मला कल्पना आहे. उशिरा उठणं शक्य नसेल तर रात्री लवकर पडा, आणि तेही जमत नसेल तर हा उद्योग फक्त सुट्टीच्या दिवशी करा. आठवड्यातून एक सकाळ पुष्कळ झाली.

‘पहाटेची स्वप्नं खरी होतात’ असं आपल्याकडे म्हणतात. त्याचं मूळ मला इथेच दिसतं. पहाटेची स्वप्नं लांब असतात, गोष्टीसारखी असतात, आणि त्यांच्यातूनच आपण जागे होतो, म्हणून तीच लक्षात राहतात. रात्री एकचं स्वप्न खरं झालं काय अन् खोटं झालं काय, ते आठवतंय कुणाला?

दारू घेणाऱ्यांसाठी एक ओळ. ती झोप लवकर आणते, पण रात्रीच्या पहिल्या भागातली रेम दाबते आणि उत्तररात्री झोपेचे तुकडे करते. त्या रात्रीची स्वप्नं धरायला जाऊ नका.

गजराचं काय करायचं

गजर वाजला की माणूस हात लांब करून फोन चाचपतो, डोळे उघडून बटण शोधतो, आणि तोवर कुणीतरी गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ पाठवलेलं असतं. तिथेच संपलं.

गजर पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, शाळेच्या बस थांबत नाहीत. पण झोपायची आणि उठायची वेळ काही आठवडे एकच ठेवली तर बऱ्याच जणांना गजराच्या जरा आधी आपोआप जाग येते. ती जाग सोन्याची. गजर पाठीमागे राखणीला असू द्या, अंथरुणापासून लांब, हळू आवाजाचा. घरात कुणी लवकर उठणारं असेल तर त्यांना सांगून ठेवा की हाक मारू नका. आमच्याकडे सासूबाई नुसता माझ्या पायाला हात लावून जातात. आमचे हे उठवायला आले तर ‘अगं ऐकलंस का, सिलिंडर संपला’ इथूनच सुरुवात करतात. तसल्या माणसाला हे काम देऊ नका.

झोपताना दोन गोष्टी करायच्या. वही जागेवर आहे ना ते बघायचं, आणि मनाशी साध्या शब्दांत म्हणायचं, ‘उद्या जाग आल्यावर पडून राहायचं आणि आठवायचं.’ यात संमोहन वगैरे काही नाही. पहाटेची गाडी पकडायची असली की आपण जसे मनात ठरवून झोपतो, तेवढंच. ज्यांना झोपेची तक्रार नाही, साखर-बीपीचा त्रास नाही, त्यांनी निजताना अर्धा पेला पाणी प्यायलं तर मधे एकदा जाग येते आणि एखादं जास्तीचं स्वप्न हाती लागतं. सासूबाईंचं रात्री दोनदा उठणं आठवा. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांना असंच आढळलं की ज्यांना स्वप्नं वरचेवर आठवतात, ती माणसं रात्रीत मधेमधे जास्त जागी असतात. इतरांची जाग रात्रभराची मिळून साधारण पंधरा मिनिटं, तर यांची अर्ध्या तासाच्या घरात. पण म्हणून मुद्दाम मध्यरात्रीचे गजर लावून झोप मोडून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला ‘दिवसातून दोनदा’ ऐवजी ‘तीनदा’ सांगाल.

पहिली दोन मिनिटं

सगळं कसब इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

जाग आली. डोळे उघडू नका. कूस बदलू नका. पाय ताणू नका, जांभई आली तर येऊ द्या पण तोंडावर हात न्यायला जाऊ नका. आणि ‘आज वार कोणता?’ हा विचार आला की त्याला तिथेच सोडा, कारण वाराच्या मागोमाग दूध, डबा, हप्ता, वीजबिल असं सगळं येतं, आणि त्या गर्दीत स्वप्न तोंडात ठेवलेल्या गोळीसारखं विरघळून जातं.

आता मनाला प्रश्न विचारायचा. ‘काय स्वप्न पडलं?’ असा विचारू नका. त्याचं उत्तर हमखास ‘काही नाही’ असं येतं. ‘आत्ता मी कुठे होते?’ असा विचारा. या प्रश्नाला मन फसतं आणि खरं उत्तर देऊन टाकतं: जिन्यात. गाडीत. माहेरच्या न्हाणीघरात. एकदा जागा मिळाली की पुढचे प्रश्न: बरोबर कोण होतं? बसले होते का उभी? हातात काय होतं? उजेड कसला होता, उन्हाचा का ट्यूबलाइटचा? कुणी काही बोललं का? असं करता करता शेवटचं दृश्य जमतं. मग ‘त्याच्या आधी काय झालं?’ असं विचारत मागे मागे जायचं. स्वप्न शेवटाकडूनच सापडतं. सुरुवात शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

काहीच मिळालं नाही, तर हळूच, डोळे मिटलेलेच ठेवून, दुसऱ्या कुशीवर वळा. रात्री तुम्ही ज्या ज्या कुशीवर झोपता त्या एकेक करून बघा. उजव्या कुशीवर कोरं असलेलं डोकं डाव्या कुशीवर वळल्यावर एकदम एखादा चेहरा समोर ठेवतं, हे मी पुष्कळदा अनुभवलंय.

तरीही नाही? मग मन कसं आहे ते बघा. उशीर झाल्यासारखं वाटतंय का? कुणाचा राग आलाय? उगाच बरं वाटतंय? तेवढं लिहा. बऱ्याचदा ‘राग’ हा एक शब्द लिहीपर्यंत कुणाचा राग तेही येतं. आणि अगदीच रिकामी सकाळ असेल तर तारीख घालून ‘कोरं’ असं लिहा. सुरुवातीच्या दिवसांत माझ्या वहीत पानंच्या पानं ‘कोरं, कोरं’ आहेत. ती सोडायची नाहीत, कारण वही उघडायची सवय त्यांनीच लागते.

इतकं सांभाळून का वागायचं? रेममध्ये मेंदूतलं नॉरअॅड्रेनलिन हे रसायन अगदी खाली गेलेलं असतं, आणि आठवण पक्की करायला जी रसायनं हातभार लावतात त्यातलं ते एक. म्हणजे स्वप्न चालू असताना त्याची नोंद नीट होतच नाही. त्यात भर म्हणून, २०१९ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये अशा पेशी दाखवल्या, ज्या रेममध्ये जोरात चालतात आणि आठवणी बसू देत नाहीत. त्या पेशी रेममध्ये बंद ठेवल्यावर उंदरांची स्मरणशक्ती सुधारली. माणसाचं तंतोतंत तसंच असेल असं नाही. पण स्वप्न विसरणं हा आपल्या स्मरणशक्तीचा दोष नाही, ती त्या झोपेची रीतच आहे, एवढं यातून घ्यायला हरकत नाही. माझ्याकडे स्मरणशक्तीचं सिरप मागायला येणाऱ्यांना मी हेच सांगते. खप कमी होतो, पण होऊ दे.

हलल्यानं स्वप्न पळतं हे काही मला एकटीला सुचलेलं नाही. मेरी कॅल्किन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १८९३ साली स्वप्नांच्या नोंदींवर एक निबंध छापला. त्या उशाशी कागद, पेन्सिल, मेणबत्ती आणि काडेपेटी घेऊन झोपत. त्यांनी लिहून ठेवलंय की कागदाकडे हात नेण्याच्या किंवा मेणबत्ती लावण्याच्या एवढ्याशा हालचालीनंसुद्धा स्वप्न विरून जातं.

लिहायचं कशावर, कसं

पेन्सिलनं. बॉलपेन उताणं पडून लिहिताना दोन ओळींत थांबतं, जेल पेन उशीच्या अभ्र्याला डाग पाडतं. वही म्हणून मी एमआर लोक देतात ती औषध कंपन्यांची पॅड वापरते. छोटी असतात, पुठ्ठा जाड असतो आणि फुकट मिळतात. झिरोचा बल्ब असेल तर तेवढा उजेड पुरे. तोही नसेल तर अंधारात लिहायचं. डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या कडेला ओळीवर ठेवायचा, ओळ झाली की अंगठा एक बोट खाली सरकवायचा. अक्षर मोठं काढायचं. अशानं ओळीवर ओळ चढत नाही. पहिल्यांदा मी अंगठ्याशिवाय लिहिलेलं पान सकाळी मुलानं बघितलं आणि विचारलं, ‘आई, ही कुठल्या डॉक्टरांची चिठ्ठी?’

फोनवर बोलून ठेवायला माझी ना नाही, पण त्यासाठी फोन उघडावा लागतो, आणि पहाटे साडेचारला बायको अंधारात कुजबुजतेय हे शेजारी झोपलेल्या नवऱ्याला समजावून सांगावं लागतं.

लिहिताना वाक्यं करू नका. आधी कुणी बोललेले शब्द, जसेच्या तसे. ते सगळ्यात आधी उडतात. मग विचित्र वस्तू. मग नावं, आकडे, रंग. जे साधं आहे, म्हणजे रस्ता, घर, पाऊस, ते नंतर आपोआप आठवतं. माझ्या वहीतली चैत्रातली एक नोंद देते. अंथरुणात लिहिलेली अशी होती:

‘“सही राहिली तुझी, म्हशीची झाली.” लिफ्ट. शिंगांना चिंच. बाई स्टुलावर. भीती नाही.’

मग चहा घेताना ती भरून काढली: दुकानाच्या मागच्या बाजूला लिफ्ट आहे (खरं तर नाही, तिथे मोरी आहे). लिफ्टमध्ये म्हैस उभी आहे, धुऊन तेल लावल्यासारखी काळी. तिच्या शिंगांना चिंचेचे आकडे अडकवलेत, ती मान हलवते तेव्हा ते खुळखुळतात. माझ्या चौथीच्या बाई लिफ्टवाल्याच्या स्टुलावर बसून आमचं स्टॉक रजिस्टर तपासतायत. चष्म्यावरून बघून म्हणतात, ‘सही राहिली तुझी, म्हशीची झाली.’ मला वाटतं, म्हशीनं कुठल्या रकान्यात केली असेल? लिफ्ट वर जात नाही, आडवी जाते. मजा वाटते.

म्हैस मी विसरले नसते. म्हैस कोण विसरतं! पण बाईंचं वाक्य अंथरुणात लिहिलं नसतं तर चहापर्यंत गेलं असतं, आणि त्या वाक्याशिवाय हे स्वप्न नुसतं ‘लिफ्टमध्ये म्हैस बघितली’ एवढंच उरलं असतं. आडवी जाणारी लिफ्ट मात्र अंथरुणात नव्हती, ती लिहिता लिहिता आठवली. म्हणून दुसऱ्यांदा लिहिणं सोडू नका. ते सकाळच्या पहिल्या तासाभरात उरकायचं.

नोंद कशी असावी याचा नमुना आपल्या भाषेत साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे. तुकोबांना गुरूंनी उपदेश दिला तो स्वप्नात. त्या अभंगात काय काय नोंदलंय बघा. गाठ कुठे पडली, तर गंगास्नानाला जाताना वाटेत. स्पर्श कुठला, तर मस्तकावर हात. गुरूंनी जेवणासाठी काय मागितलं, तर ‘तूप पावशेर’. ते द्यायचं राहिलं, ‘पडिला विसर स्वप्नामाजी’. गुरूंचं नाव, परंपरेतली नावं, मंत्र, आणि शेवटी तिथी-वार: माघ शुद्ध दशमी, गुरुवार. भक्तीचं ज्याचं त्यानं बघावं, मी आत्ता नोंदीपुरतं बोलतेय. इतका मोठा प्रसंग सांगताना पावशेर तूप गाळलेलं नाही. तुम्हीही गाळू नका.

वर तारीख-वार घाला आणि स्वप्नाला एक नाव द्या. ‘म्हशीची सही’ असं. ते नाव मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाखाली, बारीक लिहिते. पुढे महिनाभराचं पान एका नजरेत बघता येतं आणि नुसतं नाव वाचून अख्खं स्वप्न परत येतं.

अर्थ शोधायचा का?

माझ्या मते, निदान पहिले काही महिने तरी नाही. अर्थ शोधायला लागलं की माणूस अर्थाला सोयीचं तेवढंच लिहितो. स्वप्नफलाच्या पुस्तिका बाजारात मिळतात: दात पडला तर अमुक, साप दिसला तर तमुक. सासूबाईंचा त्यावर विश्वास आहे आणि दात पडल्याचं स्वप्न त्या कुणाला सांगत नाहीत. मी वाद घालत नाही. पण नोंद करताना ती पुस्तिका जवळ नको.

त्यापेक्षा स्वप्नातली वस्तू आली कुठून, हे हुडकण्यात जास्त गंमत आहे. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे अर्धं बरोबर आहे. मनी न वसलेलंही दिसतं, नुसतं डोळ्यांखालून गेलेलं असलं तरी. चिंचेचं सोपं होतं, त्या आठवड्यात सासूबाई अंगणात चिंच फोडत होत्या. लिफ्ट एका हॉस्पिटलमधली, मी त्यात आदल्या दिवशी अडकले होते. म्हैस कुठून आली ते कळायला मागचं पान बघावं लागलं: पाच-सहा दिवसांपूर्वी दुकानासमोर एक म्हैस ठाण मांडून बसली होती आणि गाड्यांची रांग लागली होती. अभ्यासकांनाही हे दिसलंय की दिवसातली गोष्ट एकतर त्याच रात्री स्वप्नात येते, नाहीतर मधे दडी मारून पाच ते सात दिवसांनी उगवते. म्हणून स्वप्नाच्या नोंदीखाली आदल्या दिवसाच्या दोन ओळीही लिहीत जा. नाहीतर आठवड्यानंतर म्हशीचा माग लागणार नाही.

काउंटरच्या आतल्या बाजूनं

‘स्वप्नं आठवायला गोळी आहे का?’ असं विचारणारे भेटतात. बी-६ जीवनसत्त्वाचं नाव त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठातला तो प्रयोग खरा आहे, २०१८ साली छापून आला. झोपण्याआधी २४० मिलिग्रॅम बी-६ पाच दिवस घेणाऱ्यांना स्वप्नं जास्त आठवली. पण माणसाची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतलं तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. स्वप्नासाठी एवढं करू नका. मी देत नाही.

उलट्या बाजूनं, चालू औषधांचा स्वप्नांवर परिणाम होतो हे मात्र लक्षात घ्या. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या रेम कमी करतात. बीपी-हृदयासाठीच्या बीटा ब्लॉकर गटातल्या प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल यांनी काहींना भडक किंवा भीतीदायक स्वप्नं पडतात. सर्दी-ॲलर्जी-दम्यासाठी आपल्याकडे खूप खपणारं मॉन्टेलुकास्टही त्यातलंच. लहान मूल ते घेत असेल आणि रात्री घाबरून उठायला लागलं किंवा चिडचिडं झालं, तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. यातली कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. स्वप्नाची वही घेऊन डॉक्टरांकडे जा, तारखा दाखवा.

आणखी एक. रेममध्ये शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी गादीवरच राहतो. कुणी झोपेत स्वप्नाबरहुकूम लाथा-बुक्के मारत असेल, ओरडत असेल, पलंगावरून पडत असेल, विशेषतः वय पन्नाशीच्या पुढचं असेल, तर त्याला हसू नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. कधी कधी पार्किन्सनसारख्या आजाराची ती फार आधीची खूण असते.

नको असलेलं स्वप्न

आठवायची सवय लागली की वाईटही आठवतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आमचं दुकानही बुडालं. पुढे बरेच दिवस मला एकच स्वप्न: शटर वर जात नाही, फटीतून पाणी येतंय आणि गोळ्यांची खोकी आतून शटरवर टकटक करतायत. अशा वेळी मी नोंद ठेवणं थांबवलं नाही, पण रीत बदलली.

दुपारी, उजेडात, पूर्ण जागेपणी ते स्वप्न लिहायचं आणि शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा. मी लिहिलं की शटर एका बोटानं वर जातं, पाणी पायरीवरून गटारात उतरतं आणि खोकी कोरडी असतात. हा बदललेला शेवट रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणायचा. मूळ स्वप्न घोळवायचं नाही, नवाच शेवट. मानसोपचारात ही पद्धत वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांसाठी रीतसर वापरली जाते. मला गुण आला. पण अपघात, मारहाण, अत्याचार यांची स्वप्नं असतील तर एकट्यानं हा प्रयोग करू नका, तज्ज्ञ गाठा. आणि वहीमुळे झोपच उडायला लागली, मध्यरात्री उठून लिहायची धास्ती बसली, तर वही सरळ कपाटात टाका. महिनाभरानं बघता येईल.

वही ठेवायची कुठे

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. स्वप्नात नणंद येते, शेजारचे येतात, लग्नाआधी बघायला आलेला मुलगा येतो, आणि सगळे काहीबाही करतात. त्यातलं तुम्ही काही ठरवलेलं नसतं, पण वाचणाऱ्याला ते पटवून देता येत नाही. म्हणून माणसांची नावं आद्याक्षरांनी लिहा. आद्याक्षरं घरच्यांना ओळखू येत असतील तर आपली खूण ठरवा. मी औषधांची नावं देते, आमच्या एका नातेवाईक बाई माझ्या वहीत कायम ‘इसबगोल’ आहेत. भरलेली पॅड मी दुकानात, जुन्या बिलबुकांच्या गठ्ठ्यात ठेवते. तिथे ऑडिटरशिवाय कुणी हात घालत नाही, आणि त्यांना पेन्सिलनं लिहिलेलं काही वाचायची सवय नाही.